जुनं शे, पन चालस: म्हातारा लॅपटॉप नव्या मशीनच्या पोटात

खान्देशातल्या पुष्कळ दुकानांत एक लॅपटॉप असा असतो, ज्याचं झाकण मिटायची कुणाची हिंमत होत नाही. बिजागर तुटलेलं, बॅटरी कधीच गेलेली, चार्जरची पिन एका ठरावीक कोनात धरली तरच दिवा लागतो. पण त्यातच सावद्याच्या केळीच्या पट्ट्या असतात, जिनिंगचा कपाशीचा हिशेब असतो, नाहीतर लग्नपत्रिकांच्या प्रेसमधली, पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममधली सगळी पानं असतात. बदलून टाका म्हटलं की उत्तर ठरलेलं: "जुनं शे, पन चालस."

तो चालतोय, म्हणूनच हे काम आज करायचं. बंद पडलेल्या लॅपटॉपमधूनही डिस्क काढून हे साधतं, पण तेव्हा दुरुस्तीच्या अर्ध्या वाटा बंद झालेल्या असतात. त्या का बंद होतात, ते पुढे येईलच.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, हा नव्या कॉम्प्युटरवर चालणारा एक प्रोग्रॅम. तो आतल्या जुन्या विंडोजला भासवतो की तुला स्वतःचा प्रोसेसर आहे, रॅम आहे, डिस्क आहे. खरं तर ती डिस्क म्हणजे नव्या मशीनवरची एक भलीमोठी फाइल. आपल्याला जुन्या लॅपटॉपच्या डिस्कची हुबेहूब अशी फाइल बनवायची आहे आणि तिच्यावरून विंडोज सुरू करायचं आहे.

आधी ठरवा, व्हीएम लागतंय का

दहातल्या बऱ्याच जणांना लागत नाही. फोटो, वर्डच्या फायली, एक्सेलचे तक्ते, पीडीएफ एवढंच असेल तर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी मारा आणि मोकळे व्हा. त्यासाठी अख्खं विंडोज उचलून नेणं म्हणजे कपाट हवं म्हणून घर उपटून नेण्यासारखं आहे.

व्हीएम लागतं ते प्रोग्रॅमसाठी. ज्याची सीडी हरवली, ज्याचा बनवणारा आता फोन उचलत नाही, जो नव्या विंडोजवर चढतच नाही, असा प्रोग्रॅम असेल तरच पुढे वाचा. मराठी डीटीपीवाल्यांचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर मांडणाऱ्यांचं, प्रकरण यातच येतं. पेजमेकरची फाइल कॉपी करून नेली तरी श्रीलिपी किंवा कृतिदेवचा नेमका तोच फॉन्ट, त्याच आवृत्तीचा, नव्या मशीनवर नसेल तर पान उघडल्यावर जोडाक्षरांचा चिवडा दिसतो. व्हीएममध्ये फॉन्ट, कीबोर्डची मांडणी आणि प्रोग्रॅम एकत्रच येतात.

टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचं गणित थोडं वेगळं. नुसता जुना हिशेब बघायचा असेल तर डेटा फोल्डर कॉपी करून शैक्षणिक, म्हणजे लायसन्सशिवाय चालणाऱ्या, मोडमध्ये उघडला तरी खाती दिसतात. त्या मोडमध्ये नोंदी फक्त महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच टाकता येतात, पण बघायला अडचण नाही. लायसन्ससह टॅली व्हीएममध्ये चालवायची असेल तर जुन्या लॅपटॉपवर आधी लायसन्स सरेंडर करा, म्हणजे तिथून सोडवून घ्या, मग व्हीएममध्ये नव्याने चालू करा. टॅलीच्या लेखी व्हीएम हे वेगळं मशीन आहे. सरेंडर मात्र अगदी शेवटी, व्हीएम नीट उभं राहिल्यावरच.

सामान

नव्या मशीनमध्ये किमान ८ जीबी रॅम हवी, १६ असेल तर निवांत. एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, जवळपास सक्तीची समजा, कारण साध्या हार्डडिस्कवर दोन विंडोज एकाच वेळी वाचायला लागल्या की दोन्ही रांगतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू असायला हवं. इंटेलच्या मशीनवर ते व्हीटी-एक्स नावाने दिसतं, एएमडीवर एसव्हीएम. विंडोज १० किंवा ११ च्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स → सीपीयू इथे खाली 'व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड' असं लिहून आलं, की बायोसमध्ये जायची गरज नाही.

बाहेरची हार्डडिस्क घ्या आणि ती एनटीएफएस या मांडणीत फॉरमॅट केलेली आहे याची आधीच खात्री करा. पेनड्राइव्ह आणि स्वस्त डिस्क बऱ्याचदा एफएटी३२ मध्ये असतात आणि तिथे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. आपली फाइल दीडदोनशे जीबीची होणार आहे. काम चालू असताना मध्येच 'डिस्क फुल' आलं आणि जागा तर भरपूर दिसतेय, तर कारण बहुतेक हेच.

जागेचा हिशेब असा: जुन्या लॅपटॉपवर १८० जीबी भरलेले असतील, तर बाहेरच्या डिस्कवर तेवढे आणि नव्या मशीनच्या एसएसडीवर पुन्हा तेवढे, वर थोडी मोकळी जागा. दोन प्रती का, ते पुढे. लॅपटॉपवर ३२० जीबीचं स्टिकर आणि विंडोजमध्ये २९८ दिसतात म्हणून घाबरू नका. कंपनी हजारच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. चोरी कुठेच झालेली नाही.

सॉफ्टवेअर दोनच, आणि दोन्ही फुकट: डिस्कटूव्हीएचडी, हे मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं, आणि ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स. दोन्ही त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्या. व्हर्च्युअलबॉक्सच्या नावाने भलतंच काही डाउनलोड करून देणारी पानं पुष्कळ आहेत.

आणि इन्व्हर्टर. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर लाइट गेली की तो तिथल्या तिथे बंद पडतो आणि प्रत अर्धवट राहते. जुन्या लॅपटॉपचं यूएसबी २ असतं, त्याचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३० एमबीच्या आसपास. म्हणजे १८० जीबीला पावणेदोन तास, आणि हा सगळा वेळ लॅपटॉप जोर लावून चालतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर गेलेला असताना हे दुपारी करू नका. पंख्यात धूळ बसलेली मशीनं तापून आपोआप बंद होतात. पहाटे किंवा रात्री लावा, लॅपटॉपखाली चारही कोपऱ्यांना बाटलीची झाकणं ठेवून हवेला वाट द्या. वॉटर कूलरचा झोत थेट मशीनवर मात्र सोडू नका.

जुन्या लॅपटॉपवरची तयारी

सगळ्यात पहिलं, कामाच्या फायलींची साधी कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. टॅलीचा डेटा फोल्डर, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फॉन्ट्सचा फोल्डर. पुढचं सगळं फसलं तरी हे हातात राहतं. हे टाळून पुढे जाणाऱ्याला आम्ही तरी मदत करणार नाही.

मग डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं की वर रंग दिसतो. निळा असेल तर ठीक. पिवळा असेल आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' किंवा 'रीअलोकेटेड सेक्टर' या ओळीमुळे असेल, तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. अशा डिस्कवर विंडोजच्या चेकडिस्क या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा खोल तपास चालवायचा नाही. तो प्रत्येक खराब जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटतो आणि उरलंसुरलं आयुष्य संपवतो. थेट शेवटच्या, मेलेल्या लॅपटॉपच्या भागाकडे जा. डिस्क निळी असेल तर सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज → टूल्स इथून साधी तपासणी करून घ्या.

लॉगिनचा पासवर्ड कागदावर लिहा. रोज बोट टेकवून उघडणाऱ्यांना तो बहुतेक आठवत नाही, आणि व्हीएमला बोटाचा ठसा वाचणारं यंत्र नसतं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असेल तर डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या, म्हणजे ते कुलूप निघू द्या.

कम्प्युटर → प्रॉपर्टीजमध्ये सिस्टम टाइप ३२-बिट आहे की ६४-बिट, ते नोंदवा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर उजवं क्लिक → प्रॉपर्टीज → व्हॉल्यूम्स, तिथे पार्टिशन स्टाइल, म्हणजे डिस्कचे भाग पाडायची पद्धत, एमबीआर की जीपीटी, तेही लिहा. विंडोज ७ च्या काळातले बहुतेक लॅपटॉप एमबीआर असतात, पण अंदाजावर जाऊ नका.

आता ती एक गोष्ट, जी वगळल्यामुळे सर्वाधिक व्हीएम निळ्या पडद्यावर अडकतात. विंडोज ७ सुरू होताना डिस्कच्या कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या चिपचा, फक्त त्याला लागणारा ड्रायव्हर (यंत्र ओळखून चालवणारा छोटा प्रोग्रॅम) उचलतं. लॅपटॉपवर इंटेलचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर विंडोजचे साधे ड्रायव्हर झोपवून ठेवलेले असतात. व्हीएममध्ये कंट्रोलर वेगळा निघतो, त्याचा ड्रायव्हर जागा नसतो, आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. म्हणून निघण्याआधी त्यांना उठवून ठेवायचं.

स्टार्टमध्ये रेजएडिट टाइप करा, म्हणजे रजिस्ट्री, विंडोजच्या सेटिंगची वही, उघडते. एचकेईवाय लोकल मशीन → सिस्टम → करंटकंट्रोलसेट → सर्व्हिसेस इथे जा. आधी सर्व्हिसेसवर उजवं क्लिक करून एक्सपोर्ट घ्या, म्हणजे चुकलं तर परत येता येतं. मग एमएसएएचसीआय, इंटेलआयडीई, पीसीआयआयडीई आणि एटापी, या चार नावांच्या फोल्डरमध्ये एकेक करून जा आणि उजवीकडच्या 'स्टार्ट' या ओळीची किंमत ० करा. बहुधा ३ दिसेल, काही ठिकाणी आधीच ० असेल. दुसऱ्या कशालाही हात लावू नका. लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करून नेहमीसारखा सुरू होतो ना, ते बघा.

शेवटी पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर', झाकण मिटल्यावर 'डू नथिंग'. अँटिव्हायरस तेवढ्यापुरता बंद. वायफाय बंद. टॅली, पेजमेकर, सगळं मिटवा.

डिस्कची फाइल बनवणं

डिस्कटूव्हीएचडी बसवावं लागत नाही. पेनड्राइव्हवरून कॉपी करा, उजवं क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. एक छोटी खिडकी येते. तिच्यात चार गोष्टी बघायच्या.

'यूज व्हीएचडीएक्स' वरची खूण काढा. व्हीएचडीएक्स हा नवा प्रकार चांगला आहे, पण व्हर्च्युअलबॉक्सचं त्याच्याशी नीट जमत नाही. जुना व्हीएचडी व्यवस्थित चालतो आणि त्याची २०४० जीबीची मर्यादा आपल्या लॅपटॉपला कधीच आड येणार नाही.

'यूज व्हॉल्यूम शॅडो कॉपी' वरची खूण राहू द्या. तिच्यामुळेच चालू विंडोजची प्रत काढता येते, कारण आधी त्या क्षणाचं चित्र गोठवलं जातं आणि मग कॉपी सुरू होते.

फाइल कुठे लिहायची तो पत्ता बाहेरच्या डिस्कचा द्या. नाव इंग्रजीत, छोटं, मध्ये मोकळी जागा न सोडता.

आणि खालची यादी. इथे सी ड्राइव्ह तर हवाच, पण त्याबरोबर 'सिस्टम रिझर्व्ह्ड' नावाचा, अक्षर नसलेला १०० एमबीचा छोटा तुकडाही हवा. विंडोज सुरू करणाऱ्या फायली तिथे असतात. तो लहान आहे म्हणून सोडून देणं ही दुसऱ्या क्रमांकाची चूक. डी ड्राइव्हवर डेटा असेल तर त्यालाही खूण करा. बाहेरच्या डिस्कवरची खूण मात्र काढा, नाहीतर ती स्वतःचीच प्रत स्वतःवर काढायला निघेल.

'क्रिएट' दाबा आणि मशीनपासून लांब बसा. काम संपल्यावर फाइलचा आकार बघा, भरलेल्या जागेच्या आसपास असायला हवा. फारच लहान आली तर कुठला तरी ड्राइव्ह राहिला.

एक सक्त सूचना. ही फाइल त्याच जुन्या लॅपटॉपवर उघडून 'बघू तरी आत काय आलंय' असं करायचं नाही. विंडोजला एकाच सहीच्या, म्हणजे एकाच ओळखक्रमांकाच्या, दोन डिस्का एकदम दिसतात, ते नव्या डिस्कची सही बदलतं, आणि मग व्हीएममध्ये ती डिस्क सुरू होत नाही.

एक्सपी असेल तर डिस्कटूव्हीएचडीची नवी आवृत्ती चालत नाही, तिला व्हिस्टा किंवा पुढचं विंडोज लागतं. अशा वेळी डिस्क बाहेर काढून नव्या मशीनला जोडणं सोपं पडतं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये उभं करणं

नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स बसवा. फाइल → टूल्स → व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर उघडा, 'ॲड' करून व्हीएचडी दाखवा, मग 'कॉपी' दाबून प्रकार व्हीडीआय, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा, निवडा आणि प्रत एसएसडीवर ठेवा. 'प्री-अलोकेट' वर खूण करू नका, नाहीतर ३२० जीबीच्या डिस्कची फाइल खरोखर ३२० जीबीची होईल. प्रत झाली की मूळ व्हीएचडी या यादीतून काढून टाका, फक्त यादीतून, फाइल डिलीट करायची नाही. बाहेरची डिस्क कपाटात ठेवा. ही सीलबंद प्रत. व्हीएममध्ये काहीही बिघडलं तरी हिच्यावरून दहा वेळा नव्याने सुरुवात करता येते. जागा वाचवायला ही पायरी गाळणारे पुढे पस्तावतात.

आता 'न्यू'. नाव द्या, प्रकार मायक्रोसॉफ्ट विंडोज, आवृत्ती तुम्ही नोंदवलेली, म्हणजे विंडोज ७, ३२ किंवा ६४ बिट. रॅम विंडोज ७ ला २०४८ एमबी, एक्सपीला १०२४ पुष्कळ झाली. सीपीयू सुरुवातीला एकच. एक्सपीला नंतरही एकच ठेवा. विंडोज एका प्रोसेसरसाठी बसवलेलं असेल तर दुसरा देऊन फायदा नाही, उलट बिघाडच. डिस्कच्या पानावर 'यूज एक्झिस्टिंग' निवडून ती व्हीडीआय दाखवा.

सुरू करण्याआधी सेटिंग्जमध्ये जा.

सिस्टममध्ये ईएफआयची, म्हणजे मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीची, खूण: जुनी डिस्क एमबीआर असेल तर नको, जीपीटी असेल तर हवी. उलटं झालं तर विंडोज दिसतच नाही, नुसता काळा पडदा. आयओ एपिक चालू ठेवा.

स्टोरेजमध्ये विंडोज ७ ची डिस्क साटा, म्हणजे नव्या जोडणीच्या, कंट्रोलरला, एक्सपीची आयडीई, म्हणजे जुन्या जोडणीच्या, कंट्रोलरला, प्रकार पीआयआयएक्स४.

डिस्प्लेमध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबी. थ्रीडी नको.

यूएसबी कंट्रोलर २.० निवडा. विंडोज ७ आणि एक्सपी या दोघांकडेही यूएसबी ३ चा स्वतःचा ड्रायव्हर नाही, आणि ३.० दिलं की डोंगल, म्हणजे प्रोग्रॅमच्या लायसन्सची यूएसबीत लावायची किल्ली, लावूनही मशीन ढिम्म राहतं.

नेटवर्क 'नॉट अटॅच्ड'. हे नंतर चालू करायचं म्हणून आता बंद नाही, कायमचंच बंद. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२०. अशी खिडकी इंटरनेटवर उघडून तिच्यातून बँक किंवा जीएसटीचं काम करणं म्हणजे पोळ्याच्या गर्दीत गल्ला उघडा टाकून जाणं. जुन्या प्रोग्रॅमला इंटरनेट लागत नाही, लागतो तो डेटा. तो आत-बाहेर करायची वेगळी सोय आहे.

स्टार्ट करा. पहिल्या खेपेला विंडोज नवं हार्डवेअर ओळखत बसतं. दोनतीनदा रीस्टार्ट मागेल, द्या. माउस आत अडकला तर उजवीकडचा कंट्रोल दाबला की सुटतो. खाली पट्टीत कासवाचं चित्र दिसलं तर समजा, नव्या मशीनवर हायपर-व्ही, म्हणजे विंडोजची स्वतःची व्हीएमची सोय, चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या मागून चालावं लागतंय. काम होईल, पण चाल कासवाचीच. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बंद करून रीस्टार्ट केल्यावर बहुधा सुधारतं.

निळा पडदा आला तर

शेवटी ७बी असलेला आकडा: डिस्कचा ड्रायव्हर जागा नाही. आधी सोपा उपाय, व्हीएम बंद करून डिस्क साटावरून आयडीईवर न्या, किंवा उलट. नाही जमलं तर रजिस्ट्रीतल्या त्या चार किमती राहिल्या असतील. इथे जुना लॅपटॉप जिवंत असण्याचा फायदा कळतो: तिकडे जा, किमती दुरुस्त करा, प्रत पुन्हा काढा. आणखी दोन तास जातील, पण मेंदूला ताप नाही. लॅपटॉप भंगारात गेला असेल तर विंडोजच्या सीडीवरून व्हीएम सुरू करून, आतली रजिस्ट्री बाहेरून उघडून हेच करावं लागतं, आणि ते नवख्याचं काम नाही.

शेवटी ७ई, आणि जुना लॅपटॉप इंटेलचा पण नवं मशीन एएमडीचं: इंटेलपीपीएम नावाचा वीज वाचवणारा ड्रायव्हर नको तिथे चालू होतोय. त्याच सर्व्हिसेस फोल्डरमध्ये इंटेलपीपीएमची स्टार्ट किंमत ४ करा, म्हणजे तो बंद. हे एक्सपीत जास्त होतं.

काळ्या पडद्यावर नुसती लुकलुकणारी रेघ, किंवा 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टम': सिस्टम रिझर्व्ह्ड राहिला, किंवा ईएफआयची खूण चुकली. दोन्ही बरोबर असतील तर विंडोज ७ ची सीडी किंवा तिची आयएसओ, म्हणजे सीडीची हुबेहूब, फाइल व्हीएमला लावून 'स्टार्टअप रिपेअर' चालवा. एकदा चालवून काही झालं नाही म्हणून सोडू नका. ते एका वेळी एकच दुरुस्ती करतं, म्हणून रीस्टार्ट करून तीनदा चालवा.

सुरू होतं पण लगेच अडकतं: एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जा. बहुतेकदा लॅपटॉप कंपनीचं काहीतरी असतं, टचपॅडचा ड्रायव्हर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, बॅटरी दाखवणारं बाहुलं. एकेक करून काढून टाका. व्हीएमला टचपॅडही नाही आणि बॅटरीही नाही.

विंडोज 'ॲक्टिव्हेट करा' म्हणेलच. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज ओईएम असतं, त्याचं लायसन्स त्या लॅपटॉपच्या यंत्रापुरतंच. खालच्या स्टिकरवरची २५ अक्षरी किल्ली व्हीएममध्ये टाकून तो हक्क इकडे येत नाही. विंडोज ७ 'जेन्युइन नाही' म्हणून वॉलपेपर काळा करतं. एक्सपी जास्त कडक, हार्डवेअर बदललेलं दिसलं की ३ दिवसांची मुदत देतं आणि नंतर आत घेत नाही. धंद्याचं रोजचं काम यावर चालवायचं असेल तर रिटेल, म्हणजे सुटं विकलेलं, लायसन्स लागतं, आणि ते एका वेळी एकाच मशीनवर. क्रॅकच्या नादी लागू नका, त्या फायलींबरोबर जे येतं ते टॅलीचा डेटा कुलूपबंद करून पैसे मागतं.

चालू झाल्यावर

डिव्हायसेस मेनूतून 'इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी' आणि ते बसवा. पडदा मोठा होतो, माउस अडकायचा थांबतो, आणि शेअर्ड फोल्डर मिळतो. विंडोज ७ ला शेवटच्या काळातले अपडेट मिळालेले नसतील तर ते या ड्रायव्हरची सही ओळखत नाही आणि नकार देतं. तेव्हा आधी लागणारे अपडेट शेअर्ड फोल्डरऐवजी आयएसओ फाइल बनवून आत न्यावे लागतात.

शेअर्ड फोल्डर म्हणजेच ती आत-बाहेरची सोय. नव्या मशीनवर एक रिकामा फोल्डर करा आणि तोच द्या. पूर्ण सी ड्राइव्ह देऊ नका. जुन्या विंडोजमध्ये व्हायरस दडून बसलेला असू शकतो, आणि त्याला तुम्हीच दार दाखवाल.

प्रिंटचं असं: आत प्रिंटर बसवत बसण्यापेक्षा पीडीएफ काढा, शेअर्ड फोल्डरमध्ये टाका, बाहेरून छापा. यूएसबीचा डॉट मॅट्रिक्स असेल तर डिव्हायसेस → यूएसबी मधून तो आत देता येतो. श्रीलिपीचा यूएसबी डोंगलही तसाच. सेटिंग्ज → यूएसबीमध्ये त्याचा फिल्टर करून ठेवला की दर वेळी हाताने द्यावा लागत नाही. समांतर पोर्टचा, पंचवीस पिनांचा जुना डोंगल मात्र विसरा. नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो, आणि यूएसबीला समांतर पोर्ट देणाऱ्या केबली प्रिंटरपुरत्याच असतात. असा डोंगल असेल तर त्या प्रोग्रॅमवाल्याकडून यूएसबीचा बदलून मिळतो का, ते हे सगळं सुरू करण्याआधीच विचारा.

सगळं पटलं की एक स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्या. एकच. रोज स्नॅपशॉट घेत गेलात तर डिस्क फुगते आणि एक तुकडा हरवला की पुढची साखळी तुटते. स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे, तो त्याच एसएसडीवर असतो. बॅकअप म्हणजे व्हीएम आतून शट डाउन करून त्याचा पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करणं. 'सेव्ह स्टेट' मध्ये ठेवलेलं व्हीएम कॉपी करू नका, दुसऱ्या मशीनवर ते जागं होईलच असं नाही.

लॅपटॉप मेलेला असेल, किंवा डिस्क पिवळी असेल

डिस्क काढा. खालचे दोनतीन स्क्रू, आणि ती सरकवून बाहेर येते. साटा असेल तर साटा-टू-यूएसबी केबल किंवा केसिंग कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळेल. दोन ओळींत ४४ पिना असतील तर ती आयडीई, तिचा अडॅप्टर थोडा शोधावा लागतो. नव्या मशीनला जोडल्यावर विंडोज 'फॉरमॅट करायची का' विचारेल. नाही. 'स्कॅन अँड फिक्स' विचारेल. तेही नाही.

डिस्क निरोगी असेल तर नव्या मशीनवरच डिस्कटूव्हीएचडी चालवा आणि फक्त त्या डिस्कच्या ड्राइव्हांवर खूण करा. रजिस्ट्रीची तयारी राहिलेली असल्यामुळे पहिल्या खेपेला ७बी येण्याची शक्यता धरून चला, आणि साटा-आयडीईची अदलाबदल आधी करून बघा.

डिस्क पिवळी असेल तर लिनक्सचा सिस्टमरेस्क्यू हा दुरुस्तीचा संच पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा आणि डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगल्या जागा पटकन उचलतं, खराब जागा बाजूला ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं. सोबत मॅपफाइल, म्हणजे किती उतरलं याची नोंद, द्यायला विसरू नका, तिच्यामुळे लाइट गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. यात ३२० जीबीच्या डिस्कची कच्ची प्रत पूर्ण ३२० जीबीची होते, तेवढी जागा ठेवा. मग व्हर्च्युअलबॉक्सबरोबर येणाऱ्या व्हीबॉक्समॅनेजच्या 'कन्व्हर्टफ्रॉमरॉ' आदेशाने तिची व्हीडीआय होते. लिनक्समध्ये मूळ डिस्क कोणती आणि प्रत कुठे जाणार हे क्षमतेवरून दोनदा ताडून बघा. उलटं दिलं तर रिकाम्या डिस्कची प्रत तुमच्या डेटावर चढते, आणि तिथून परतीची वाट नाही.

जुन्या लॅपटॉपचं काय

एक महिना ठेवा. त्या महिन्यात व्हीएममध्येच काम करा, जुना उघडू नका. जिनिंगवाल्यांनी हा महिना दसऱ्याच्या आत संपेल असा बेत करावा, पत्रिकावाल्यांनी लगीनसराई उलटल्यावर. हंगामात नवं काही बसवायचं नसतं.

महिना नीट गेला की टॅलीचं लायसन्स सरेंडर करायला जुना एकदाच उघडा. मग डिस्क काढून लेबल लावून ठेवा, आणि उरलेला सांगाडाच विका. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला चार्जरही लावू नका आणि घंटागाडीतही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. डिस्कसकट विकायचा असेल तर 'क्विक फॉरमॅट' ला अर्थ नाही, त्यात डेटा तसाच राहतो. दुसऱ्या मशीनला जोडून साधा, पूर्ण फॉरमॅट मारा. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये तो पूर्ण डिस्कवर शून्य लिहितो. यूएसबी २ वर ३२० जीबीला तीन तास धरा.